मामांच्या इस्टेटीतले थोडे पैसे प्रोबेट मिळायच्या आधीच वाटले तर चालतं का?

कर्वेनगरी | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

माझे मोठे मामा सप्टेंबरात १९ तारखेला गेले. मामी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. विल मात्र अगदी मामांच्या स्वभावासारखं टापटीप, रजिस्टर केलेलं, दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला टाचलेला. त्यात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे देणी भागवून विलाप्रमाणे वाटप करणारा म्हणून, माझं नाव, जे मला मामा गेल्यावर बाराव्या दिवशी कळलं 😐

विलात काय आहे ते थोडक्यात. कर्वेनगरचा फ्लॅट मामेभावाला. मामींचे दागिने मावसबहिणीला, यादीसकट. मामांकडे १७ वर्षं असलेले अण्णा, स्वयंपाकापासून इंजेक्शनपर्यंत सगळं तेच बघायचे, त्यांना ५ लाख. एका वाचनालयाला ३ लाख. आणि "बाकी राहील ते" मामेभाऊ, मावसबहीण आणि मी, तिघांत सारखं. बाकीमध्ये दादरची एक खोली, एफड्या मिळून ५२ लाख आणि साधारण ९ लाखांचे शेअर्स.

दादरची खोली असल्यामुळे वकील म्हणाले प्रोबेट, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यावंच लागेल, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी शिवाजीनगर कोर्टात अर्ज टाकला. पेपरात नोटीस येऊन गेली, हरकत कोणाची आलेली नाही, पण तारखा पडताहेत.

आता खरी गंमत. एका १४ लाखांच्या एफडीला मी नॉमिनी होतो, बँकेनं ती मोडून पैसे माझ्या खात्यात टाकले. बाकी ३८ लाख बँकेतच अडकलेत. म्हणजे हातात कॅश आहे हे सगळ्यांना माहितीये आणि तिथूनच सुरू झालंय.

मामेभावाच्या मुलीला एमबीएला ॲडमिशन मिळालीये, फी ८ लाख. तो म्हणतो दादा, नाहीतरी माझ्याच वाट्याचे आहेत, आत्ता दे नि नंतर कापून घे. मावसबहिणीच्या मुलाचं लग्न फेब्रुवारीत आहे, तिला सुनेच्या अंगावर मामींची मोहनमाळ घालायचीये. आणि अण्णांनी काहीच मागितलं नाहीये, ते भोरला गावी परत गेलेत, बायको म्हणते पहिले त्यांना दे.

तर प्रश्न असा की प्रोबेट हातात यायच्या आधी असं थोडं थोडं वाटता येतं का, की मी फुकट अडकेन?

---

झणझणीत | रविवार, रात्री ११:४१

नॉमिनी तुम्ही ना, मग पैसे तुमचेच की. विषय संपला.

---

मोगरा | रविवार, रात्री ११:५८

@झणझणीत अहो नाही हो, हाच तर घोळ सगळीकडे होतो. नॉमिनी म्हणजे फक्त पैसे ताब्यात घेणारा, मालक नाही. बँकेच्या खात्याबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय, शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये परत सांगितलं. बँकेची जबाबदारी संपते इतकंच, तुमची तिथून सुरू होते.

---

काळाकोट | सोमवार, सकाळी ७:१२

सकाळचं फिरणं सोडून लिहितोय, त्यामुळे चुका पोटात घाला. आणि हा सल्ला नाही, तुमच्या वकिलांनी कागद बघितलेत, मी नाही.

पहिली गोष्ट, एक्झिक्युटरला अधिकार प्रोबेटनं मिळत नाही, विलानं मिळतो आणि तो माणूस गेला त्या क्षणापासून असतो. प्रोबेट हा त्या अधिकारावरचा कोर्टाचा शिक्का. त्यामुळे "प्रोबेटच्या आधी एक पैसा हलवता येत नाही" हे जे सोसायटीतले काका सांगतात ते चूक. उलट बिलं भागवणं, भाडं गोळा करणं, येणं वसूल करणं हे तुम्ही करायलाच हवं.

दुसरी गोष्ट, द्यायला बंदी नाही म्हणजे द्यायलाच पाहिजे असंही नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ३३७ बघा. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत एक्झिक्युटर कोणाचाही वाटा द्यायला बांधलेला नाही. विलात "मी गेल्यावर महिन्याभरात द्या" असं लिहिलेलं असलं तरी. वर्ष उलटलं की अण्णा नि वाचनालयासारख्या ठराविक रकमांवर ४ टक्के व्याज सुरू होतं. म्हणजे १९ सप्टेंबरपर्यंत तुम्हाला कोणी "दे" असं दटावू शकत नाही.

तिसरी, आणि इथे लोक फसतात. देण्याला क्रम आहे. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग नोकरमाणसांचा पगार, मग बाकीची कर्जं, आणि हे सगळं झाल्यावर विलातले वाटे. आता वाट्यांमध्येही तीन प्रकार धरा. मोहनमाळ नि फ्लॅट म्हणजे नेमून दिलेली वस्तू. ५ लाख, ३ लाख म्हणजे नेमून दिलेली रक्कम. आणि तुम्ही तिघं म्हणजे "बाकी राहील ते" वाले. कर्ज निघालं तर कात्री आधी कुणावर? बाकीवाल्यांवर. तिथे भागलं नाही तर रकमांवर, सगळ्यांच्या त्याच प्रमाणात. वस्तूंना सगळ्यात शेवटी हात लागतो.

म्हणजे गंमत बघा, तुमच्याकडे सगळ्यात जोरात मागणारा जो मामेभाऊ आहे, तो फीसाठी मागतोय ते "बाकी"मधले. बाकी किती राहणार हे देणी संपल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. उलट ज्यांनी तोंड उघडलं नाही त्या अण्णांचा आकडा विलातच लिहिलाय.

चौथी. तुम्ही आपखुशीनं दिलेत आणि नंतर बाकीच्या वाट्यांना पैसे कमी पडले तर दिलेले परत मागता येत नाहीत. कोर्टाच्या हुकमानं दिले असतील तर मागता येतात. आपखुशीनं दिलेले गेले. आणि कमी पडलेले तुमच्या खिशातून.

---

झणझणीत | सोमवार, सकाळी ८:०५

बापरे. मी माझी कालची कमेंट मागे घेतो 🙏

---

निवांत_बाक | सोमवार, सकाळी ९:३०

एक शंका. मी वाचलं होतं की ते प्रोबेट सक्तीचं कलम आता काढून टाकलंय, मग हे सगळं कशाला?

---

काळाकोट | सोमवार, सकाळी ९:४४

बरोबर वाचलंत. कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये कायद्यातून वगळलं. त्याआधी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांतली स्थावर मालमत्ता किंवा तिथे केलेलं विल असेल तर हिंदूंना प्रोबेट सक्तीचं होतं, पुण्यातल्या मालमत्तेला ते तेव्हाही नव्हतं. यांच्या बाबतीत दादरच्या खोलीमुळे लागलं. आता सक्ती गेली, प्रोबेट गेलेलं नाही. ज्यांचा अर्ज टाकून झालाय, नोटीस निघालीये, त्यांनी उगाच माघारी फिरू नये असं माझं मत. एकदा प्रोबेट मिळालं की विल खरं का खोटं हा वाद सहसा उकरता येत नाही. तिघा भावंडांत आज गोडी आहे म्हणून उद्याही असेल असं कुठल्या कलमात नाही.

---

थेम्सकाठी | सोमवार, दुपारी २:१५

इथे इंग्लंडमध्ये पण एक्झिक्युटरला वर्षाचीच मुदत धरतात, तुमचा कायदा बहुतेक इथूनच गेलेला. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सॉलिसिटरनं दोन गोष्टी करायला लावल्या. एक, लंडन गॅझेटमध्ये आणि लोकल पेपरात जाहिरात, कोणाचं देणं असेल तर दोन महिन्यांत सांगा म्हणून. १९२५ चाच ट्रस्टी ॲक्ट आहे इथला, त्यानुसार. दोन, प्रोबेट मिळाल्यावरही सहा महिने थांबायचं, कारण १९७५ च्या कायद्याप्रमाणे जवळचा किंवा अवलंबून असलेला माणूस तोपर्यंत कोर्टात येऊन "मला पुरेसं ठेवलं नाही" म्हणू शकतो. त्यानंतर मात्र बऱ्यापैकी मोठी रक्कम आगाऊ वाटली आम्ही, टॅक्ससाठी आणि घर विकण्याच्या खर्चासाठी एक हिस्सा मागे ठेवून. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच प्रमाणात. एकाला आधी नि एकाला नंतर केलं असतं तर माझ्या मेव्हण्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

---

काळाकोट | सोमवार, दुपारी ३:०२

@थेम्सकाठी पेपरात देणेकऱ्यांसाठी नोटीस देण्याची सोय आपल्याकडेही आहे. कोर्टाची प्रोबेटची नोटीस वेगळी हं, ती वारसांना हरकतीसाठी. कर्ज देणाऱ्यांसाठीची वेगळी द्यायची, मुदत द्यायची, मुदत संपल्यावर वाटप केलं तर ज्याचं देणं आपल्याला माहीतच नव्हतं त्याबद्दल एक्झिक्युटर वाचतो. देणेकरी मग ज्यांना वाटे मिळालेत त्यांच्या मागे जाऊ शकतो, पण तुमचं घर सुटतं. @कर्वेनगरी ही नोटीस दिलीत का?

---

कर्वेनगरी | सोमवार, दुपारी ३:४०

नाही 😬 मला वाटलं एकच नोटीस असते.

---

मोगरा | सोमवार, रात्री १०:१०

आमच्या घरचं सांगते, राग येतो अजून.

सासरे गेले २०१६ ला. थोरले दीर एक्झिक्युटर. माणूस सोन्यासारखा, नाही म्हणता येत नाही हा एकच दोष. विलात दोन्ही नणंदांना ठराविक रक्कम होती आणि बाकी राहील ते दोघा भावांना. वर्षश्राद्धाच्या आत नणंदांना पूर्ण रक्कम देऊन मोकळे झाले आणि भावांचीही बाकी वाटून टाकली, का तर बाबांची इच्छा. मग इन्कम टॅक्सची नोटीस. सासऱ्यांनी जाण्याआधी दोन वर्षं प्लॉट विकला होता नि त्याचा कर भरलाच नव्हता, व्याज दंड धरून चांगलाच आकडा झाला. इस्टेटीत तेव्हा काय उरलं होतं? एक स्कूटर आणि देव्हारा. नणंदा म्हणाल्या आम्ही खर्च केले, ते त्यांनीही खोटं नाही सांगितलं, एकीनं तर घराचं कर्ज फेडलं होतं. शेवटी दिरांनी स्वतःची पीपीएफ मोडली. तेव्हापासून आमच्याकडे गणपतीला सगळे एकत्र बसतात पण पंगतीत जागा सोडून बसतात.

---

खातेवही | मंगळवार, सकाळी १०:५०

मोगराताईंनी सांगितलं तेच रोज बघतो, सीए आहे, म्हणून थोडं टॅक्सचं.

एक तर मामांची दोन रिटर्न होतील. १ एप्रिल ते १९ सप्टेंबर त्यांच्या नावानं, वारस प्रतिनिधी म्हणून तुम्ही भरायचं. २० सप्टेंबरपासून पुढचं उत्पन्न इस्टेटीचं, ते एक्झिक्युटर म्हणून वेगळं, आणि वाटप पूर्ण होईपर्यंत दरवर्षी. ते तुमच्या स्वतःच्या पगारात मिसळायचं नाही. एफडीवरचा टीडीएस अजून मामांच्या पॅनवर जात असेल तर तो ताबडतोब निस्तरा.

वर्षाच्या मध्ये एखाद्या वाट्याचं उत्पन्न खरोखर त्या माणसाला दिलंत, समजा फ्लॅटचं भाडं मामेभावाला, तर तेवढं इस्टेटीच्या उत्पन्नातून वजा होऊन त्याच्या उत्पन्नात धरतात. त्यामुळे काय, कधी, कोणाला दिलं त्याची तारीख महत्त्वाची.

आणि सगळ्यात मोठं, गेलेल्या माणसाचा कर भरायचा बाकी असताना तुम्ही त्याची मालमत्ता हातातून सोडलीत तर तेवढ्या किमतीपुरते तुम्ही वैयक्तिक जबाबदार. हे दिरांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

१४ लाख तुमच्या पगाराच्या खात्यात आहेत का अजून? आधी वेगळं खातं उघडा, बाकीचं नंतर.

---

कर्वेनगरी | मंगळवार, रात्री ९:२५

हो, पगाराच्याच खात्यात होते 🙈 आज उघडलं वेगळं. बँकेतल्या बाईंना "एक्झिक्युटर" शब्द तीनदा सांगावा लागला, शेवटी मॅनेजर आले.

दागिन्यांचं कसं करू? लॉकरला मी नॉमिनी आहे, परवा उघडतोय.

---

काळाकोट | मंगळवार, रात्री १०:०२

लॉकर उघडताना बँक दोन साक्षीदारांसमोर यादी करते, तिची प्रत सोडू नका. मावसबहिणीला पण बोलवा.

दागिन्यांत धोका तुलनेनं कमी, वस्तू नेमून दिलेली, बाकीची इस्टेट भरपूर. पण एक लक्षात घ्या. वाटा पुरा व्हायला एक्झिक्युटरची संमती लागते आणि ती तोंडीही चालते, वागण्यातूनही धरली जाते. म्हणजे "लग्नापुरती नेतेय" असं ती म्हणाली आणि "ने गं, तुझीच आहे" असं तुम्ही म्हणालात तर बहुतेक संमती झालीच. मग नंतर "फक्त घालायला दिली होती" म्हणून उपयोग नाही. द्यायची तर द्या, पण कागदावर द्या.

---

खंडाळा_घाट | बुधवार, सकाळी ६:५५

आमच्याकडे विलावर भांडण झालं त्यामुळे कोर्टानं दावा चालू असेपर्यंतचा व्यवस्थापक नेमला, कलम २४७. त्याला भाडं घेता येतं, प्रॉपर्टी टॅक्स भरता येतो, दुरुस्ती करता येते, फक्त वाटप करता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. सात वर्षं झाली. एक बहीण वाट बघता बघता गेली, आता तिची मुलं वाट बघताहेत. तुमच्याकडे हरकत नाहीये हे नशीब समजा आणि तशीच ठेवा.

---

कर्वेनगरी | गुरुवार, रात्री ११:५०

अपडेट. आज लॉकर उघडला.

स्टीलचा लांब डबा, त्यात मामींची जुनी नऊवारीची पट्टी घडी करून, आणि त्यात दागिने. मोहनमाळ, दोन पाटल्या, ठुशी, एक नथ जिचा एक मोती गेलेला, आणि चांदीचं ताम्हन जे यादीत नाही. प्रत्येक दागिन्याला सेफ्टी पिननं चिठ्ठी टाचलेली, मामांच्या अक्षरात, वजन तोळ्यात आणि कुणी कधी केला ते. नथीच्या चिठ्ठीवर "मोती हरवला, हिची काही चूक नाही" एवढंच. मावसबहीण ते वाचून जी रडायला लागली की बँकेच्या बाईंनी पाणी आणलं.

लक्ष्मी रोडला सराफाकडे वजन करून घेतलं, चिठ्ठ्यांशी जुळलं, गुंजेचा फरक सोडला तर. पावती केली, तिची सही, मामेभावाची साक्षीदार म्हणून सही. ताम्हन यादीत नाही म्हणजे ते "बाकी"त, ते माझ्याकडेच ठेवलं. तिच्या यजमानांनी "एवढंसं ताम्हन, त्यात काय" म्हणून बघितलं, पण मी ऐकलं नाही, काळाकोट साहेबांचा परिणाम 😀

---

निवांत_बाक | शुक्रवार, सकाळी ८:२०

"हिची काही चूक नाही" 🥹

---

काळाकोट | शुक्रवार, सकाळी ८:४५

छान केलंत. एक विचारायचं राहिलं होतं. अण्णांचा पगार मामा जाईपर्यंत चुकता होता का? कलम ३२२, घरकाम करणाऱ्या माणसाचा मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांतला पगार बाकी कर्जांच्या आधी द्यायचा असतो. तो विलातला वाटा नाही, ते देणं आहे. त्याला थांबायचं कारण नाही.

---

कर्वेनगरी | शुक्रवार, सकाळी ९:३०

खरं सांगू का, हे डोक्यातच आलं नाही. मामा जुलैपासून हॉस्पिटलमध्येच होते. पगार मामाच द्यायचे, हातात, पाकिटात. म्हणजे जुलैपासून कोणी दिलाच नसणार आणि तो माणूस रोज डबा घेऊन बसनं हॉस्पिटलला जात होता. शरम वाटतेय. रविवारी भोरला जातो.

---

कर्वेनगरी | रविवार, रात्री १०:४०

जाऊन आलो. मोठी पोस्ट आहे, सॉरी.

अण्णांना विचारलं तर म्हणाले "राहू द्या हो, साहेब बरे झाल्यावर देणार होते." मी हट्टानं हिशोब काढला. महिना १२ हजार, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे १९ दिवस, ३१,६००. शिवाय बसचे आणि औषधांचे जे त्यांनी स्वतःच्या खिशातून केले ते वेगळे. पगार किती होता याची खात्री करायला ते आतून मामांची हिशोबाची वही घेऊन आले, लाल कापडी बांधणीची, शेवटी हॉस्पिटलला जाताना मामांनी त्यांच्याकडे दिलेली, "सांभाळ" म्हणून. अण्णांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली होती, कारण घर गळतं.

वहीत दूध, पेपर, अण्णा पगार, सगळं. पानं उलटता उलटता ऑगस्ट २०२१ चं पान आलं. मामांच्या ओळखीतल्या एका मुलाचं नाव, आणि पुढे "याच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिलो. १५ लाख, ७ वर्षं. मुलगा सरळ आहे. हिला सांगितलं नाही."

मी तिथेच ओसरीवर बसलो.

शेवटचा हप्ता २०२८ ला म्हणजे. आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मामेभावाला मागितले तसे ८ लाख दिले असते आणि अण्णांना ५, तर माझ्याकडे १ लाख उरला असता.

---

झणझणीत | रविवार, रात्री १०:५२

अंगावर काटा आला राव

---

काळाकोट | सोमवार, सकाळी ७:३०

जामीन राहिलेला माणूस गेला म्हणून आधी दिलेल्या कर्जाचा जामीन संपत नाही, इस्टेट जबाबदार राहते. पण अजून मूळ कर्जदार फेडत असेल तर ते आजचं देणं नाही, उद्या कदाचित येईल असं. याच्यासाठी नेमकं कलम आहे, ३२६. इस्टेटीवर असं टांगतं देणं असेल तर पुरेशी हमी घेतल्याशिवाय एक्झिक्युटर कोणालाही वाटा द्यायला बांधलेला नाही.

तर आता क्रम असा करा. पतसंस्थेकडून बाकी किती, थकबाकी किती हे लेखी घ्या. देणेकऱ्यांची नोटीस पेपरात द्या. अण्णांचा पगार आज द्या. जामिनाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला. मग उरलेल्याचं बोलू.

आणि प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशोब कोर्टात द्यायचा असतो, कलम ३१७. ती लाल वही जपून ठेवा.

---

मोगरा | सोमवार, सकाळी ११:०५

आणि मामेभावाच्या मुलीच्या फीचं काय? ती बिचारी मधल्यामध्ये. इस्टेटीतून नाही देता येत तर स्वतःच्या खिशातून उसने द्या ना, लिहून. आमच्या दिरांनी तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणाचे पैसे कोणाचे ते तरी कळलं असतं.

---

खातेवही | सोमवार, दुपारी १:१५

+१. आणि चेकनं किंवा ऑनलाइन, कॅश नको. उसने म्हणून लिहा, "वाट्यातले आगाऊ" असा शब्द चुकूनही नको.

---

कर्वेनगरी | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१५

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी शेवटचं अपडेट.

पतसंस्थेत गेलो. बाकी ८ लाखांच्या आसपास, त्यात चार हप्ते थकलेले. मुलगा खरंच सरळ आहे, धंदा बसलाय. भेटला, मामा गेले हे त्याला माहीत नव्हतं, खूप वेळ काही बोललाच नाही. दोन हप्ते त्यानं परवा भरलेत. पतसंस्थेनं मला अजून काही मागितलेलं नाही पण पत्र दिलंय लेखी. नोटीस पेपरात गेली, मुदत चालू आहे.

मामेभावाशी बोलणं अवघड गेलं. पहिल्यांदा तो चिडलाच, म्हणाला "दादा, तुला काय, तुझी मुलं शिकून मोकळी झाली." मी वहीचं पान दाखवलं. मग तो बराच वेळ ते पानच बघत बसला आणि म्हणाला काकानं मला पण नाही सांगितलं. मुलीचं एज्युकेशन लोन झालंय, पहिल्या हप्त्याला कमी पडत होते ते ३ लाख मी माझे दिलेत, उसने, ऑनलाइन, साध्या चार ओळींवर सह्या. बायको म्हणाली व्याज लावू नको, नाही लावलं.

जामिनाचे ८ लाख वेगळी एफडी करून बाजूला टाकले. उरलेल्यातून अण्णांना ५ पैकी ३ लाख दिले, गळती काढायला पावसाच्या आधी लागतीलच. त्यासाठी तिघांनी मिळून इंडेम्निटी बाँड केला, उद्या काही निघालं तर आधी आमच्या तिघांच्या वाट्यातून जाईल, अण्णांकडे कोणी मागायला जाणार नाही असा. तो मावसबहिणीच्या यजमानांनीच लिहून आणला, ताम्हनवाले, आता बोला. वाचनालयाला पत्र टाकलंय की नोटिशीची मुदत संपली की कळवतो, त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, मामांच्या नावावर दोन पुस्तकं परत करायची राहिलीत 😀

अण्णा परवा आले होते सह्या करायला. पगाराची पावती वेगळी केली, वाट्याची वेगळी. दोन्हीवर रेव्हेन्यू स्टँप. पगाराच्या पावतीवर सही करताना थांबले आणि म्हणाले, यात १९ तारखेपर्यंतचेच दिवस धरलेत ना, बाराव्यापर्यंत मी आपला थांबलो होतो, ते नका धरू.

---

निवांत_बाक | शनिवार, रात्री १०:३१

बाँड किती रुपयाच्या स्टँपवर केलात? माझ्याकडे शंभरचे दोन पडलेत जुने.

---

काळाकोट | शनिवार, रात्री १०:४०

शंभरचा आता नाही चालत, ऑक्टोबर २०२४ पासून कमीत कमी ५०० चा.